कुलूप लागलेल्या घरातली मुलं

दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज, कुठल्याही तालुक्यातलं डोंगरपट्ट्यातलं गाव घ्या. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ट्रक नाहीतर ट्रॅक्टर येतो, त्यात भांडीकुंडी, शेळ्या-कोंबड्या आणि लेकरंबाळं चढतात आणि दाराला कुलूप लागतं. ते कुलूप निघतं गुढीपाडव्याच्या आसपास, कधी त्याहूनही उशिरा. मधले पाच-सहा महिने ही कुटुंबं सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूरच्या नाहीतर पार कर्नाटकातल्या उसाच्या फडात असतात. हे चित्र आपल्या इतकं सवयीचं झालंय, की त्यात बोलण्यासारखं काही आहे असं आता कुणाला वाटत नाही.

पण मैत्रिणींनो, आज त्या कुलपाबद्दलच बोलायचं आहे. आणि त्याबरोबर शिक्षणातल्या संशोधनाबद्दल. तुम्ही म्हणाल, या दोन गोष्टींचा काय संबंध? संशोधन म्हणजे जाडजूड प्रबंध, विद्यापीठातली मोठी माणसं, इंग्रजीतले तक्ते. आपल्या चुलीपर्यंत ते कुठं येतंय? असं वाटणं साहजिक आहे. पण शिक्षण मिळालं की गरीब-श्रीमंत, गाव-शहर, मुलगा-मुलगी यांच्यातलं अंतर कमी होतं, असं आपण सगळेच म्हणतो. ते अंतर खरंच कमी होतंय का, कुणाचं होतंय, कशामुळं होतंय, हे नीट मोजून बघणं म्हणजे संशोधन. आणि त्यातून निघालेली काही उत्तरं अशी आहेत, की ती अमलात आणायला तुमच्या-माझ्यासारख्या बायका पुरेशा आहेत.

हा विचार आपल्या मातीत नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढं जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, तेव्हा त्यांनी हिशेबच मांडला होता. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडं जातो, हे अन्याय्य आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढं कोल्हापूरकडच्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सचिव झाले. त्यांनी १९७५ मध्ये भारतीय शिक्षणावर पुस्तक लिहिलं, त्यात समता, गुणवत्ता आणि संख्या असा त्रिकोण मांडला आणि हे तिन्ही कोन एकदम साधणं आपल्याला जमत नाही, असं सांगितलं. आज पन्नास वर्षांनी बघितलं तर संख्येचा कोन आपण बराचसा गाठलाय. शाळेत नावच नाही असं पोर आता क्वचित सापडतं. अडलंय ते बाकीच्या दोघांत.

हे कळलं कसं? प्रथम या संस्थेनं २००५ पासून 'असर' नावाची पाहणी सुरू केली. तिची पद्धत अगदी साधी आहे. गावातून वीस घरं निवडायची, घरी जायचं आणि मुलापुढं एक कागद ठेवायचा. त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा एक परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट. "वाच बाळा" एवढंच म्हणायचं. शाळेत जाऊन हजेरीपट बघायचा नाही, कारण पट सांगतो नाव. मुलाला काय येतं ते सांगत नाही. २०२४ च्या पाहणीत देशभरातल्या खेड्यांमधली सहा ते चौदा वयाची ९८ टक्के मुलं पटावर होती. पण तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकली ती फक्त २७ टक्के. म्हणजे चार मुलांमधलं जेमतेम एक. मोठ्या मुलांचंही तसंच. २०२३ मध्ये चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींची पाहणी झाली, तेव्हा जवळजवळ पाव मुलांना आपल्याच भाषेतली दुसरीची गोष्ट अडखळल्याशिवाय वाचता आली नाही. दहावीच्या उंबरठ्यावर आलेलं, मिसरूड फुटलेलं पोर आणि दुसरीचा मजकूर. हे आकडे बाहेर आले नसते तर 'सगळी मुलं शाळेत आहेत' या वाक्यावर आपण समाधान मानून बसलो असतो.

आता आपल्या कुलपाकडं या. घरी जाऊन विचारणारी पाहणी चांगलीच. पण घराला कुलूप असलं तर? पाहणी करणारा पुढच्या घरी जातो. त्याचा दोष नाही, नियमच तसा असतो. सरकारची संपादणूक चाचणी शाळेत होते, तिथं त्या दिवशी हजर असलेलंच मूल मोजलं जातं. म्हणजे जे मूल फडावर आहे ते शाळेतही सापडत नाही आणि घरीही सापडत नाही. ज्याचं सगळ्यात जास्त नुकसान होतंय, तेच हिशेबातून निसटतं. आणि मग जिल्ह्याची जी सरासरी निघते ती मागं राहिलेल्या मुलांची असते. सरासरी बरी दिसते आणि आपण म्हणतो, सुधारणा आहे.

या मुलांवर अभ्यास झालेच नाहीत असंही नाही. २००७ मध्ये स्मिता या अभ्यासिकेचं 'लॉक्ड होम्स, एम्प्टी स्कूल्स' हे इंग्रजी पुस्तक आलं. नावाचा अर्थच कुलूपबंद घरं आणि ओस शाळा. पोटासाठी दरवर्षी गाव सोडणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचं शिक्षण कसं तुटतं, हे त्यात मांडलं आहे. मूल दिवाळीला जातं, परीक्षेच्या तोंडावर परत येतं. नाव पटावर असतंच. वरच्या वर्गात ढकललं जातं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. असं चार वेळा झालं की पाचवीतल्या मुलीला दुसरीचं येत नाही, आणि तिला वाटतं आपलंच डोकं चालत नाही. आईबापांनाही तसंच वाटतं. फडावर तिला रिकामं कुणी बसू देत नाही. आई-बाप पहाटे कोयता घेऊन गेले की कोपीवर धाकट्याला सांभाळायचं, पाणी आणायचं, भाकरी टाकायच्या. हे सगळं करायला जिचं डोकं चालतं, तिचं डोकं वाचायलाही चालेल, एवढा विचार तरी आपण करायला हवा.

आता संशोधनाचं दुसरं काम. अंतर किती आहे ते मोजलं, पण ते मिटवायचं कशानं? इथं मला सगळ्यात भावलेला अभ्यास आहे बालसखीचा. मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांमध्ये २००१ ते २००३ या काळात तो झाला. प्रथमनं वस्तीतल्याच, साधारण दहावी-बारावी झालेल्या तरुण मुली निवडल्या. महिना पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन. वर्गात जी मुलं मागं पडली होती त्यांतली पंधरा-वीस मुलं या बालसख्या रोज दोन तास वेगळी बसवायच्या आणि इयत्ता बाजूला ठेवून, मुलाला जिथपर्यंत येतं तिथून पुढं शिकवायच्या. याचा खरंच उपयोग होतो का, हे बघायला अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी शाळांची निवड केली. काही शाळांत तिसरीला बालसखी दिली, काहींत चौथीला आणि मग दोन्हींची तुलना केली. निष्कर्ष असा निघाला की बालसखी मिळालेल्या वर्गांची प्रगती स्पष्ट दिसते, आणि सगळ्यात जास्त फायदा झाला तो सगळ्यात मागं असलेल्या मुलांचा. वीस मुलं बाहेर गेल्यामुळं वर्गातली गर्दी कमी झाली, पण नुसत्या गर्दी कमी होण्यानं मागं राहिलेल्यांत फरक पडला नाही. फरक पडला तो मुलाच्या पातळीवरून शिकवल्यामुळं.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, तीही सांगायला हवी. बालसखी बंद झाल्यावर वर्षभरानं तो फायदा बराचसा ओसरला. म्हणजे एकदा हात दिला आणि सोडून दिला, असं चालत नाही. पुढं बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, गरिबी कमी करण्याचे उपाय असे प्रयोग करून तपासण्याच्या कामाबद्दल. जगातला एवढा मोठा सन्मान मिळालेल्या कामाच्या मुळाशी वस्तीतल्या दहावी-बारावी झालेल्या मुली होत्या, हे आपण बायकांनी लक्षात ठेवावं.

दुसरा अभ्यास उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्याचा, आणि तो आपल्यासारख्या सभा-मेळावे घेणाऱ्यांना जरा टोचणारा आहे. तिथं तीन तऱ्हा करून बघितल्या. काही गावांत सभा घेऊन शिक्षण समितीची माहिती दिली. काही गावांत लोकांना मुलांची वाचनाची चाचणी कशी घ्यायची ते शिकवलं आणि गावाचं प्रगतिपत्रक तयार केलं. काही गावांत यांच्या जोडीला गावातल्याच तरुण स्वयंसेवकांना शिकवून शाळेबाहेर वाचनवर्ग सुरू केले. नुसत्या सभांनी आणि प्रगतिपत्रकांनी मुलांच्या वाचनात काहीही फरक पडला नाही. वाचनवर्गाला जी मुलं आली, त्यांच्यात मात्र मोठा फरक पडला. ज्यांना एक अक्षर येत नव्हतं ती अक्षरं ओळखायला लागली. अडचण एवढीच, की वर्गाला येणारी मुलं थोडी होती. आपल्याकडंही बालिका दिन होतो, भाषणं होतात, सत्कार होतात, फोटो पेपरात येतो. ते वाईट आहे असं नाही. पण त्यानं पोर वाचायला शिकत नाही, हे आता कुणाच्या मतावर राहिलेलं नाही. ते तपासून झालंय.

आणि आई शिकलेली नसेल तर? बिहार आणि राजस्थानातल्या खेड्यांत आयांसाठी साक्षरता वर्ग आणि घरी मुलांबरोबर करायच्या कृती, असा प्रयोग झाला. त्याचा मुलांच्या अभ्यासावर झालेला परिणाम लहान होता, खोटं कशाला सांगायचं. पण आया मुलांच्या अभ्यासात जास्त लक्ष घालायला लागल्या, त्यांचं स्वतःचं शिकणंही पुढं सरकलं. आपल्याकडं २०२२ मध्ये 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारीच्या कार्यक्रमात गावोगाव माता गट झाले, त्यामागंही हाच विचार आहे.

आता मुलींचं. आपल्या जिल्ह्यासाठी हा नुसता अभ्यासाचा प्रश्न नाही. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागं बीडमध्ये ८०७ मुली होत्या. राज्यात सगळ्यात कमी. आणि जन्मलेल्या मुलींचं काय होतं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या बायकांना विचारलं, तेव्हा बीडमधल्या जवळजवळ ४४ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचा आकडा साधारण २२ टक्के. बरोबर दुप्पट. याचं कारण फक्त 'लोक अडाणी आहेत' असं म्हणून भागत नाही. फडावर एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तेरा-चौदा वर्षांची मुलगी गावात एकटी ठेवायची तर जिवाला घोर, कोपीवर न्यायची तर त्याहून घोर. शाळेत तिला काही येत नसतं, म्हणून शाळा तिला धरून ठेवत नाही. मग 'उजवून टाकू' हा निर्णय आईबापाला सगळ्यात सुरक्षित वाटतो. तिसरीत वाचता न येणं आणि पंधराव्या वर्षी गळ्यात डोरलं पडणं, या दोन टोकांमधला रस्ता असा सरळ आहे.

या रस्त्यावर कुठं अडवता येतं, त्याचंही उत्तर अभ्यासातून मिळतं. बिहारमध्ये २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशानं वाढलं, मुला-मुलींमधलं अंतर चाळीस टक्क्यांनी कमी झालं आणि हा फरक मुख्यतः शाळेपासून तीन किलोमीटर आणि त्याहून लांबच्या गावांत दिसला. म्हणजे आईबाप मुलीला शिकवायला नको म्हणत नव्हते, अंतराला आणि रस्त्याला भीत होते. आपल्या राज्यात बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा मोफत पास आहे, मानव विकास कार्यक्रमातून सायकली आणि बसगाड्याही दिल्या गेल्या. तुमच्या वाडीवर ती बस शाळेच्या वेळेला येते का, हा प्रश्न त्यामुळं साधा नाही. तो मुलीच्या लग्नाच्या वयाचा प्रश्न आहे.

उपाय कागदावर बरेच आहेत. मूल फडावर गेलं तर तिथं साखरशाळा. मूल गावात राहावं म्हणून हंगामी वसतिगृह. दुसऱ्या गावच्या शाळेनं बसवून घ्यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावानं ४१ तालुक्यांमध्ये ८२ वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये मंजूर झाली, त्यातली निम्मी मुलींसाठी. शाळाबाह्य मुलं शोधायला २०२२ च्या जुलैमध्ये 'मिशन झिरो ड्रॉपआऊट' झालं. यातल्या प्रत्येक उपायामागं चांगला हेतू आहे. शाळा मुलाच्या मागं जाऊ शकते, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला फार पूर्वी करून दाखवलंच होतं. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात, शाळेत येत नाहीत, म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटलं. अंगणात नेली ती अंगणवाडी. त्यांनी एक गोष्ट करून बघितली, चुकलं तिथं बदललं, लिहून ठेवलं आणि मग पुढं नेली.

आपल्या योजनांत नेमकं हेच राहतं. साखरशाळेत गेलेल्या मुलीला पाडव्याला काय येत होतं, हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुलीला काय येत होतं आणि कुठंच नसलेल्या मुलीला काय येत होतं, हे शेजारी शेजारी ठेवून बघायला हवं. वसतिगृहं किती, ताटं किती, खर्च किती, हे मोजलं जातं. मूल किती पुढं गेलं हे मोजलं तरच पुढच्या वर्षी पैसा योग्य ठिकाणी जाईल. म्हणून या स्तंभातून माझी मागणी स्पष्ट आहे. ऊसतोडीच्या गावांत मुलांची वाचन आणि गणिताची चाचणी वर्षातून दोनदा व्हावी. एकदा दसऱ्याआधी, घराला कुलूप लागण्यापूर्वी, आणि दुसऱ्यांदा पाडव्यानंतर, कुलूप निघाल्यावर. त्या दोन चाचण्यांत जेवढा फरक पडला, तेवढं नुकसान त्या पोरानं एका हंगामात सोसलं. आणि चाचणीच्या पाठोपाठ, लगेच, त्या मुलांचा पातळीनुसार वर्ग सुरू व्हावा. शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमात वयानुसार वर्गात बसवलेल्या मागं पडलेल्या मुलाला विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क दिलेलाच आहे. ही भीक मागायची गोष्ट नाही.

यात आपण काय करायचं? त्याच कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात असं सांगितलं आहे. आपल्या गावच्या समितीत नावं असतात, सह्या घरी येऊन घेतल्या जातात. पुढच्या बैठकीला स्वतः जा आणि एकच प्रश्न विचारा, "फडावरून आलेल्या मुलांना काय येतं आणि त्यांच्यासाठी वेगळा वर्ग कधी सुरू करणार?" उत्तर कागदावर लिहून घ्या.

दुसरं काम शाळेची वाट न बघता होण्यासारखं आहे. आपल्या बचत गटात बारावी झालेली सून असते, डी.एड. करून घरी बसलेली मुलगी असते, वाचनाची आवड असलेली बाई असते. एप्रिल-मे महिन्यात, उन्हं उतरल्यावर, मंदिराच्या ओट्यावर नाहीतर समाजमंदिरात दीड-दोन तास. पंधरा मुलं पुरे. पहिल्या दिवशी प्रत्येकाला गोष्ट वाचायला द्यायची आणि अक्षरवाले, शब्दवाले, वाक्यवाले असे तीन गट करायचे. इयत्ता विचारायची नाही. मुलींना धाकट्या भावंडांसकट येऊ द्यायचं, नाहीतर त्या येणारच नाहीत. दर पंधरा दिवसांनी पुन्हा वाचून घ्यायचं आणि वहीत नोंद करायची. ती वही जपून ठेवा, शाळा उघडली की वर्गशिक्षकांना दाखवा आणि दसऱ्याला पुन्हा काढा. फुकट काम करून बाई किती दिवस टिकणार, हाही प्रश्न खरा आहे. बालसखीलाही मानधन होतं. ग्रामपंचायतीकडं महिला-बालकल्याणासाठी निधी असतो, तो कुठं खर्च होतो हे ग्रामसभेत विचारायला काय हरकत आहे?

यानं उचल थांबणार नाही, डोंगरातल्या कोरडवाहू रानाला पाणी येणार नाही, हे मला ठाऊक आहे. कोयता सुटायला पाणी लागेल, काम लागेल, सरकारची इच्छा लागेल. पण फडावरून परत आलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भाषेतली एक गोष्ट वाचता येणं, यासाठी तेवढं थांबायची गरज नाही. कसं करायचं ते माहीत आहे, ते तपासलेलं आहे आणि ते करू शकणाऱ्या बायका प्रत्येक गावात आहेत. यंदा पाडव्याला तुमच्या शेजारचं कुलूप निघेल, तेव्हा आधी त्या घरातल्या मुलीला हाक मारा आणि तिच्यापुढं एक पुस्तक ठेवा.